मोटरहोमचं क्लच ऑईल स्वतः कसं बदलायचं? सेवाग्रामच्या उन्हापावसात कॅम्पर वापरणाऱ्यांसाठी पूर्ण माहिती

मे महिन्यातली दुपार. तुम्ही नागपूरहून कॅम्पर घेऊन सेवाग्रामला आलात, आश्रम बघितला, झाडाखाली गाडी लावून जेवलात. निघताना रिव्हर्स टाकायला गेलात तर गिअरचा कर्रर्र आवाज. क्लचचं पेडल दाबलं की स्पंजावर पाय ठेवल्यासारखं लागतंय, आणि दोनतीनदा पंप केल्यावर गिअर पडतोय. बाहेर ४५ अंश. सोबतचं कुणीतरी लगेच सांगतं, "क्लच प्लेट गेली, मोठा खर्च आहे."

तसं असेलच असं नाही. अशा वेळी बऱ्याचदा दोष प्लेटमध्ये नसून क्लचच्या पाइपमधल्या द्रवात असतो. तो बदलायला पाचशे मिलीचा एक डबा, एक पाना, एक पारदर्शक नळी आणि एक मदतनीस लागतो. काम तासादीड तासाचं आहे. पण त्यात एक गोष्ट चुकली तर फक्त क्लच नाही, ब्रेकही जाऊ शकतो. म्हणून आधी हे नीट समजून घ्या, पाना नंतर उचला.

क्लच ऑईल हे ऑईल नाहीच

आपल्याकडे दुकानात "ब्रेक ऑईल द्या" असंच म्हणतात आणि क्लचलाही तेच लागतं. पण त्या डब्यात तेल नसतं. तो ग्लायकॉल इथर या रसायनांवर आधारलेला द्रव असतो. नाव ऑईल आहे म्हणून कुणी त्यात इंजिन ऑईल टाकतं, कुणी पॉवर स्टिअरिंगचं, कुणी अडचणीत सापडून चक्क पाणी. इथेच घोळ होतो. या सिस्टीममधले रबरी सील ग्लायकॉलसाठी बनवलेले असतात. खनिज तेल लागलं की ते फुगतात आणि मऊ पडतात. एकदा तेल गेलं की नुसतं धुऊन भागत नाही, सील आणि बरेचदा सगळे रबरी पाइप बदलावे लागतात.

क्लच चालतो कसा? तुम्ही पेडल दाबता तेव्हा पेडलमागचा मास्टर सिलिंडर द्रवाला ढकलतो. तो दाब पाइपमधून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातो. स्लेव्हचा दांडा क्लचचा फोर्क सरकवतो आणि प्लेट सुटते. द्रव दाबला जात नाही म्हणून तुमच्या पायाची ताकद पूर्ण पोचते. पण आत हवेचा एक बुडबुडा असला तरी पायाची अर्धी मेहनत तो बुडबुडा दाबण्यातच जाते. प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर ओरडतो. स्पंजासारखं पेडल म्हणजे हेच.

या द्रवाची दुसरी खोड म्हणजे तो हवेतलं पाणी शोषतो. टाकीच्या झाकणातून, रबरी पाइपमधून, सीलजवळून ओलावा हळूहळू आत जातच राहतो. डॉट ३ प्रकारचा नवा द्रव किमान २०५ अंशांना उकळतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. डॉट ४ चा २३० वरून १५५ वर. (डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं, ही मोजपट्टी त्यांची.)

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर क्लचच्या लाइनमध्ये द्रव उकळण्याइतकी उष्णता क्वचितच तयार होते. तो धोका खरा ब्रेकचा. क्लचमध्ये पाणी दुसरं काम करतं, ते सिलिंडरला आतून गंज आणतं. गंजाच्या खरबरीत भिंतीवर सील घासतो, झिजतो, आणि झिजलेल्या रबराने द्रव काळा होतो. टाकीत चहासारखा किंवा काळपट रंग दिसला तर ही प्रक्रिया सुरू झालेली आहे. नवा द्रव फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतो.

मोटरहोमला हे जास्त का सतावतं?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि त्यानंतर अशा गाड्यांबद्दलचं कुतूहल वाढलं. आपल्याकडे कॅम्पर बहुतेकदा फोर्स ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर बांधलेले असतात. जाता जाता एक गंमत: फोर्स मोटर्सचं जुनं नाव बजाज टेम्पो. त्या नावातलं "बजाज" हे वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं घराणं, आणि गांधीजींना वर्ध्याला आणण्यात मोठा वाटा जमनालालजींचाच. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले आणि १९४० मध्ये त्या गावाचं सेवाग्राम झालं. म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर सेवाग्रामच्या रस्त्यावर उभी दिसली तर तिचं या गावाशी लांबचं का होईना, नातं आहे.

तर मुद्दा असा की कॅम्पर वर्षातले बरेच महिने नुसता उभा असतो. रोज चालणाऱ्या गाडीत सिलिंडरचे सील हलते राहतात. उभ्या गाडीत ते एकाच जागी बसून राहतात आणि नेमक्या त्याच जागी गंज धरतो. विदर्भात वर्षभराचं चक्रही टोकाचं. एप्रिल-मेमध्ये भट्टी आणि जुलै ते सप्टेंबर दमट हवा. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दिवाळीत बाहेर काढली की पेडल खालीच बसलं, हा अनुभव अनेकांना येतो. त्यात वजनही आहे. शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, शिवाय बेड, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, शेगडी. समृद्धी महामार्गावर क्लचला फारसं काम नसतं. पण खाली उतरून वर्ध्याच्या बाजारातून एवढं धूड थांबत-सुटत काढताना क्लच शेकडो वेळा दाबला जातो. दुखणं तिथे बाहेर पडतं.

गाडीच्या पुस्तिकेत जो कालावधी दिलाय तो पाळायचा. पुस्तिका हरवली असेल तर दोन वर्षांनी एकदा, आणि गाडी जास्त उभी राहत असेल तर शक्यतो पावसाळ्यानंतर.

आधी खात्री करा: दोष द्रवाचाच आहे का?

इंजिन जोरात फिरतंय पण चढावर गाडी पुढे जात नाही, जळका वास येतोय? ही प्लेट घसरण्याची लक्षणं. द्रव बदलून काही होणार नाही. उलट पेडल मऊ आहे, पकड अगदी खाली आल्यावर सुटते, रिव्हर्स आणि पहिला गिअर अडतो, पेडल पंप केल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, असं असेल तर संशय द्रवावर आणि हवेवर घ्या.

मग गळती बघा. ड्रायव्हरच्या पायापाशी, पेडलच्या वर जिथे दांडा आत जातो तिथे मोबाईलचा टॉर्च मारा. ओलं, चिकट दिसलं तर मास्टर सिलिंडर गळतोय. गाडीखाली स्लेव्हच्या रबरी टोपीची कड किंचित उचलून बघा, आत द्रव साचला असेल तर स्लेव्ह गेला. दोन्ही ठिकाणी नुसता द्रव बदलणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. आधी सील किट किंवा अख्खा सिलिंडर बदलावा लागतो.

तुमच्या गाडीला हे काम लागूच पडतं का, तेही तपासा. क्लचला केबल असेल तर द्रवाचा प्रश्नच नाही. काही नव्या गाड्यांमध्ये स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो. हवा काढायचं निपल बाहेर दिसत असेल तर काम करता येतं, पण आतच गळती असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते अंगणात होत नाही. गाडी वॉरंटीत असेल तरी हात लावू नका.

सर्वात महत्त्वाचं: तुमची टाकी एकच आहे की दोन?

हा भाग घाईत वाचू नका. काही गाड्यांमध्ये क्लचच्या द्रवाची छोटी टाकी वेगळी असते. पण बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लच दोघांची टाकी एकच असते. तिच्या बाजूने एक बारीक नळी क्लचच्या मास्टरकडे गेलेली दिसते. ही नळी मुद्दाम थोडी वर जोडलेली असते. द्रव कमी झाला तर आधी क्लच जावा आणि ब्रेकसाठी खाली साठा उरावा, अशी ती सोय आहे.

म्हणून सामायिक टाकी असलेल्या गाडीचा क्लच अचानक खाली बसला तर "क्लचच तर आहे, हळूहळू जाऊ" असं म्हणून पुढे निघू नका. पातळी बघा. कदाचित ब्रेकचाच द्रव कुठेतरी गळतोय आणि क्लचने तुम्हाला आधी इशारा दिलाय.

आणि काम करताना टाकी रिकामी होऊ दिली तर हवा ब्रेकच्या लाइनमध्ये जाऊ शकते. एबीएस असलेल्या गाडीत ती हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकली तर काढायला अनेकदा वर्कशॉपमधलं स्कॅनर मशीन लागतं. तीन-साडेतीन टनांची गाडी आणि अर्धवट ब्रेक, याची कल्पना करा. टाकी सामायिक असेल आणि तुम्ही हे काम पहिल्यांदाच करत असाल, तर जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करा.

कोणता द्रव घ्यायचा?

टाकीच्या झाकणाचा फोटो काढा आणि झूम करून वाचा. डॉट ३ किंवा डॉट ४ असं त्यावर छापलेलं असतं. तेच घ्या. ३ च्या जागी ४ सहसा चालतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात. डॉट ५.१ देखील याच कुळातला आहे. पण नुसता डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो आणि तो यांच्यात मिसळत नाही. मोबाईलमध्ये मोठा आकडा म्हणजे नवं मॉडेल असतं, इथे तसं समजू नका.

डबा सीलबंदच हवा. गॅरेजच्या फळीवरचा सहा महिन्यांपूर्वी उघडलेला डबा फुकट मिळाला तरी नको, त्याने पावसाळाभर पाणी पिऊन घेतलेलं असतं. क्लचच्या लाइनमध्ये द्रव थोडाच मावतो, त्यामुळे धुऊन काढण्यासकट अर्धा लिटर बहुतेक गाड्यांना पुरतो.

बाकी सामान: निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुतेकदा ८, १० किंवा ११ मिमी), फिश टँकला लावतात तशी पारदर्शक नळी, एक बाटली, चिंध्या, हातमोजे, चष्मा आणि बादलीभर पाणी. एकट्याने करायचं असेल तर ५० मिलीची मोठी सिरिंज. ती मेडिकल स्टोअरमध्ये मिळते, आणि सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज असल्यामुळे शोधत फिरावं लागू नये.

गाडी कुठे आणि कशी उभी करायची?

सेवाग्रामच्या आसपासची माती काळी आहे. पावसानंतर तिच्यावर उभी केलेली जड गाडी खचते. तिच्याखाली सरपटत जाणं म्हणजे जिवाशी खेळ. सिमेंटची किंवा पक्की मुरमाची सपाट जागा बघा. मोबाईलमधल्या लेव्हल ॲपने गाडीचा कल तपासता येतो, त्याचा इथे खरोखर उपयोग होतो, कारण टाकीतली पातळी कललेल्या गाडीत चुकीची दिसते.

हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. इथे एक फसवी गोष्ट आहे. आपल्याला सवय असते गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायची. पण या कामात मदतनीस सतत क्लच दाबणार आहे, आणि क्लच दाबला की गिअरची पकड सुटते. तेव्हा गिअरच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. इंजिन बंद आणि थंड हवं. या व्हॅन उंच असतात, जॅक न लावताही हात पोचतो. उचलावीच लागली तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर.

प्रत्यक्ष काम

आदल्या रात्री निपलवरचा चिखल घासून काढा आणि गंज सोडवणारा स्प्रे फक्त आट्यांवर मारा, रबरावर नको. सकाळी टाकीभोवतीची धूळ पुसून मगच झाकण उघडा. वैशाखातल्या वाऱ्यात एक कचकच आत गेली तरी ती सील कापते. काही उघडण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवा.

सिरिंजने टाकीतला जुना द्रव वरच्या वर काढून घ्या. टाकी सामायिक असेल तर तळापर्यंत जाऊ नका, किमान खुणेच्या खाली पातळी जाता कामा नये. लगेच नवा द्रव भरा. निपलवर आधी रिंग पाना बसवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडा नवा द्रव घालून त्यात बुडवा, म्हणजे चुकून उलटी ओढ बसली तरी हवा आत जाणार नाही.

आता एक जण पेडलवर, एक खाली. खालच्याने सांगायचं "दाब". वरच्याने सावकाश तळापर्यंत दाबून "दाबलं" म्हणायचं आणि पाय तसाच ठेवायचा. खालच्याने निपल पाव-अर्धा आटा सैल करायचं. काळा द्रव नळीतून सुर्रकन येतो. तो थांबला की निपल बंद करायचं आणि मगच "सोड" म्हणायचं. पेडलवर बाबा बसले असतील तर "बाबा, दाबा" आणि "बाबा, सोडा", पण शब्द तेवढेच ठेवा. मी आणि माझ्या भावाने पहिल्यांदा केलं तेव्हा मी "झालं" म्हणालो, त्याला ते "सोड" वाटलं. निपल उघडं असताना पेडल वर आलं, हवा आत गेली आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. तेव्हापासून तीनच शब्द.

पेडल खालीच राहिलं तर घाबरू नका, निपल बंद आहे ना हे बघून हाताने वर ओढा. दर पाच-सहा वेळा झाल्यावर टाकी बघा आणि भरा. फोन नळीजवळ टेकवून स्लो मोशनमध्ये शूट केलं तर बारीक बुडबुडेही दिसतात. फक्त द्रवाने माखलेल्या हातमोज्याने फोन उचलू नका, हा द्रव रंग आणि बरंच प्लॅस्टिक खातो. रंग स्वच्छ झाला आणि बुडबुडे थांबले की काम संपलं. निपल आवळताना जोर लावायचा नाही. ते पोकळ असतं, तुटलं की नवीनच दुखणं. रबरी टोपी परत बसवा.

काही गाड्यांमध्ये हवा वरच्या वळणात अडकून बसते आणि कितीही पंप केलं तरी निघत नाही. तेव्हा उलटा मार्ग वापरा. सिरिंजमध्ये नवा द्रव भरून, तिच्यातली हवा काढून, खालच्या निपलमधून हळूहळू वर ढकलायचा. हवेला वर जायला आवडतं, ती टाकीतून बाहेर पडते. एकट्या माणसालाही हे जमतं. मात्र जुना घाण द्रव आधी काढलेला असला पाहिजे, नाहीतर गाळच वर जाईल. टाकी ओसंडतेय का याकडेही लक्ष ठेवा. काम झालं की सिरिंज टाकून द्या.

गाडी हलवण्याआधी

झाकण लावा आणि पातळी किमान व कमाल खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. पंधरा-वीस वेळा पेडल दाबा, प्रत्येक वेळी पकड त्याच उंचीवर यायला हवी. कुणालातरी पेडल दाबायला सांगून स्लेव्हच्या दांड्याचा व्हिडिओ काढा, दांडा पूर्ण आणि सारखा सरकतोय का ते दिसेल. हा व्हिडिओ जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना करता येते. मग इंजिन सुरू करून पेडल दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज नाही आला पाहिजे.

टाकी सामायिक असेल तर आता ब्रेकचं पेडल तपासा. ते कडक लागलं आणि दाबून धरल्यावर खाली सरकलं नाही, तरच मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून बघा. जरा जरी मऊ वाटलं तरी गाडी रस्त्यावर काढायची नाही, मेकॅनिकला जागेवर बोलवायचं. दोन दिवसांनी पातळी आणि निपल पुन्हा एकदा बघा. तारीख आणि किलोमीटर फोनमध्ये नोंदवून दोन वर्षांनंतरचा रिमाइंडर लावून टाका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

द्रव अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडला तर? लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका. पुसल्याने तो रंगावर पसरतो. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा.

रस्त्यातच क्लच गेला आणि द्रव मिळत नसेल तर पाणी किंवा तेल टाकून पोचता येईल का? नाही. सामायिक टाकीत तर मुळीच नाही, कारण ते पाणी तुमच्या ब्रेकमध्ये जातं. कॅम्परमध्ये एक सीलबंद डबा कायम ठेवा.

द्रव बदलूनही आठवड्याभरात पेडल मऊ झालं, आता? बाहेर गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचा आतला सील गेलेला असण्याची शक्यता जास्त. पेडल हळू दाबून धरल्यावर क्लच आपोआप पुन्हा पकडू लागला तर तेच. इथून पुढे मेकॅनिकचं काम.

जुन्या द्रवाचं काय करायचं? नालीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतायचा नाही. हा द्रव विषारी आहे आणि पोटात गेला तर गंभीर प्रकार होतो. म्हणून तो कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. कॅम्परमध्ये पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या इकडेतिकडे पडलेल्या असतात, आणि तहानलेलं लहान मूल रंग बघून बाटली उचलतं. द्रव मूळ डब्यातच भरा, वर मार्करने "विष" असं लिहा, आणि वाया गेलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. तिथेही तो इंजिन ऑईलच्या पिंपात ओतू नका, वेगळा आहे असं सांगून द्या.